हात बसायच्या आधी

[दृश्य: आराखड्याचा कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेला त्रिकोणी पंख]

२९ नोव्हेंबर १९६२, लंडन. ब्रिटन आणि फ्रान्स एका करारावर सह्या करतात. आवाजाच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेणारं विमान दोघांनी मिळून बनवायचं आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा. कॉन्कॉर्ड. विकासाच्या खर्चाचा अंदाज १५ ते १७ कोटी पाउंड. विमान मात्र अजून कागदावरच आहे.

मग हा आकडा येतो कुठून?

कागदावरच्या विमानाचे सुटे भाग ठरलेले नसतात. अंदाजाने सांगता येतं ते एवढंच: रिकाम्या विमानाचं वजन किती, वेग किती, नग किती बनवायचे. ऐकून हसू येईल, पण सुरुवातीला विमानाचा हिशोब चक्क वजनावर करतात. भंगारवाल्यासारखा, फक्त तराजूत घालायला काहीच नसताना.

अमेरिकेतल्या रँड संस्थेने जुन्या लष्करी विमानांचे हिशोब तपासून ही रीत सूत्रांत बसवली. त्यांचं १९८७चं सूत्र सांगतं, वजन दुप्पट झालं तर इंजिनिअरांचे तास दुप्पट होत नाहीत, साधारण १.७ पट होतात. वेग दुप्पट केला तर मात्र जवळजवळ १.९ पट. तासांना मजुरीच्या दराने गुणलं की झाले पैसे.

[दृश्य: कारखान्यात रांगेने उभे असलेले अर्धवट सांगाडे]

आता नगांचं. टी. पी. राइट हे अमेरिकी विमान-अभियंते. त्यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं की नगांची संख्या दुप्पट झाली की दर नगामागचे सरासरी श्रम ८० टक्क्यांवर येतात. पहिल्या विमानाला १०० तास धरले, तर दोन विमानांची सरासरी ८०, चार विमानांची ६४, आठांची ५१. आपल्याकडे म्हणतात ना, हात बसतो. राइटनी त्या हात बसण्याचा आलेख काढला.

पण ही सगळी सूत्रं मागे बघून चालतात, आणि कॉन्कॉर्डच्या मागे कोणीच नव्हतं. आवाजापेक्षा वेगवान बॉम्बफेकी विमानं होती. शंभरेक प्रवासी घेऊन तासन् तास त्या वेगाने जाणारं एकही नव्हतं. त्या वेगात नाकाचं टोक १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापतं आणि सगळं विमान वीतभर लांब होतं. तोल सांभाळायला इंधन उडता उडता पुढच्या टाक्यांतून मागे न्यावं लागतं. वजनाच्या सूत्रात हे कुठे लिहिणार?

१९६४ मध्ये अंदाज २७.५ कोटींवर गेला. ब्रिटनमध्ये नवं सरकार आलं, त्याला अंग काढून घ्यायचं होतं. पण करारात बाहेर पडायचं कलमच नव्हतं! १९७६ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली तोवर खर्च १०० कोटी पाउंडांच्या पुढे गेला होता. त्यात महागाईचा वाटा होता, हे मान्य. तरी सगळं महागाईच्या माथी मारता येत नाही.

[दृश्य: फ्रान्समधल्या टूलूझची धावपट्टी]

माझ्या मते खरी चूक मात्र नगांच्या रकान्यात झाली. वजन चुकलं तर इंजिनिअर रात्री जागून ग्रॅम-ग्रॅम कमी करतात. गिऱ्हाइकं किती येतील, हे ड्रॉइंग बोर्डावर बसून कोण ठरवणार? सुरुवातीला विमान कंपन्यांनी सत्तरच्या वर विमानं राखून ठेवली होती. त्यांत तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाचीही दोन होती. जानेवारी १९७३ मध्ये पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए या दोन बड्या अमेरिकी कंपन्यांनी माघार घेतली. त्याच वर्षी तेल भडकलं, आणि या विमानाची तहान तर जबर.

विमानं बनली एकूण २०. चाचण्यांची ६ वगळली, तर प्रवाशांसाठी उरली १४: ७ ब्रिटिश एअरवेजकडे, ७ एअर फ्रान्सकडे. हात बसू लागला होता, तोच काम संपलं.