हरभऱ्यातलं डुक्कर

नमस्कार मंडळी. आणि ज्या माझ्या लेकीबाळी या घडीला भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायल्यात, त्यांना एक जादा नमस्कार. आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे. गरोदरपणात नाक चोंदतं, त्याचं काय करायचं?

आधी एक गोष्ट कानात साठवा. ही सर्दी असेलच असं नाही. शिंका नाहीत, ताप नाही, अंग मोडून येत नाही, नाक मात्र बंद. डाव्या कुशीवर झोपलं की डावी नाकपुडी मिटते, कूस बदलली की उजवी. सहा-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. पोटात बाळ असताना अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्यात संप्रेरकांचा खेळ, त्यामुळे नाकाच्या आतलं अस्तर रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं. आत शेंबूड नाहीच, तर शिंकरून निघणार काय? उगीच जोर लावाल तर घोळणा फुटेल. बाळंतपण झालं की साधारण दोन आठवड्यांत हे आपसूक जातं. पुन्हा सांगते, बाळंतपणानंतर दोन आठवडे. आपसूक.

आता माझं ऐका. मी नर्स, परभणी जिल्ह्यात गावोगाव फिरून सुया टोचल्या, वजनं केली. पण 1994 सालच्या जानेवारीत मीच आठव्या महिन्याची, बाळंतपणाला माहेरी आलेली. माहेर गावात नाही, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात. दोन खोल्या माळवदाच्या, एक पत्र्याची. माळवदाची खोली थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार. आता सगळ्यांनी ती पाडून स्लॅब टाकले आणि मे महिन्यात कूलरपुढे बसून सरकारला शिव्या देतात. असो.

दिवस हुरड्याचे. संध्याकाळी आगटी पेटायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, चुलता गरम कणसं हातावर चोळून दाणे पुढं सरकवायचा, सोबत जवसाची चटणी. सगळं घर मिटक्या मारतंय, आणि मी? मला वास नाही, चव नाही. कोवळा लुसलुशीत हुरडा तोंडात, अन् लागतंय काय, तर ओला पुठ्ठा. वर आगटीचा धूर. जे काही थोडं नाक उघडं होतं, तेही गेलं. पहिलटकरणीचे डोहाळे पुरवायचे म्हणून माय आणखी दाणे पुढं करायची आणि मी डोळ्यात पाणी आणून चावायची. मायला वाटलं, लेक सुखानं रडायली.

आता लाजिरवाणी गोष्ट. नर्स असून माझ्या उशीखाली एक बाटली होती. नाकात थेंब टाकायची, मेडिकलमध्ये मागितली की मिळते ती. दोन थेंब टाकले की पाचव्या मिनिटाला नाक मोकळं, आहाहा. पण चार-पाच तासांनी पुन्हा बंद, आधीपेक्षा घट्ट. मग पुन्हा दोन थेंब, मग तीन. असं एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन आठवडे चाललं. दुसऱ्या बायकांना पदर खोचून सांगणारी मी, रात्री चोरासारखी उशीखाली हात घालायची.

एका रात्री बाटली संपली. तालुक्याला कोण जाणार? झोपले तशीच, तोंड उघडं टाकून.

आमचे सालगडी मामा गोठ्याच्या तोंडाशी बाज टाकून झोपायचे. खोलीच्या मागं हरभरा, घाट्यांवर आलेला. मध्यरात्रीनंतर मामांना आवाज आला. घुर्रर्र, मग शांत, मग पुन्हा घुर्रर्र. रानडुक्कर! मामांनी बॅटरी घेतली, काठी घेतली, चुलत्याला उठवलं. दोघं वाकून, पाय न वाजवता हरभऱ्यात शिरले. आवाज येतोय, पण डुक्कर दिसत नाही. मामा म्हणाले, "मालक, बांधाकडून यायलंय." बांधाकडं गेले तर आवाज मागून. मागं फिरले तर भिंतीकडून. शेवटी मामांनी पत्र्याचा रिकामा डबा घेतला आणि माझ्या खिडकीखाली उभं राहून दणादणा बडवला.

मी अशी दचकून उठले की विचारू नका. आणि मी उठले तसा आवाज बंद. बाहेरून मामांचा विजयी सूर आला, "पळालं, मालक!"

आज्जी माझ्याच खोलीत होती, तिला सगळं ठाऊक. ती अंधारातूनच ओरडली, "आरं कुठलं डुक्कर न् काय! आपली पोरगी घोरायली!"

चुलता बांधावर बसून हसला. मामांनी मात्र पुढं कितीतरी दिवस माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. आणि आज्जीनं सकाळी अंथरूण झाडताना बाटली धरली. "हे काय गं? आन् आमाला म्हणतीस, बिगर इचारता औषीद घेऊ नका?" काय उत्तर देणार?

मायनं मला त्याच दिवशी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथली सिस्टर माझ्याच बरोबरीची. ती हसली नाही. आधी बीपी घेतलं. 110 खाली 70, म्हणजे ठीक. मग बाटलीवरून माझी हजेरी घेतली. आजही मी सांगते, गरोदर बाई नव्यानं घोरायला लागली तर चेष्टा करा, पण बीपीही मोजा. अशा बायकांत बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त दिसतं. घोरणं म्हणजे बीपी नव्हे, पण मोजायला काय जातं? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, तेव्हा सांगा, "सिस्टर, मी घोरायले."

तर त्या बाटलीचं. ते औषध फुगलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतं. आवळून आवळून त्या औषध उतरलं की दुप्पट फुगतात. म्हणून डॉक्टरांनी दिली तरी तीन दिवस. किती? तीन. आणि न विचारता एकही थेंब नको. तसंच सर्दीच्या गोळीचं. एका गोळीत तीन-चार औषधांची मोट असते, त्यात रक्तवाहिन्या आवळणारंही एखादं असतं. पहिल्या तीन महिन्यांत आणि बीपीवालीनं तर तिच्या वाटेला जाऊच नये. मेडिकलवाला कितीही ओळखीचा असो, तो तुमचं पोट तपासत नाही.

मग करायचं काय? मिठाचं पाणी. पाव लिटर पाणी चांगलं खळखळ उकळा, झाकून कोमट होऊ द्या, त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मोरीवर वाकून, बिनसुईच्या सिरिंजनं एका नाकपुडीत हळूच सोडा, दुसरीतून येऊ द्या, श्वास तोंडानं. पाणी उकळलेलंच हवं. टँकरचं असो, बोअरचं असो, वीस लिटरच्या जारचं असो, उकळलेलंच. जारवर हिमालयाचं चित्र आहे म्हणून ते पाणी हिमालयातून आलेलं नसतं. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या आपल्या मुलखात पाण्याचा धंदा कुणी कुणी केला यावर एकदा वेगळं बोलायचंय मला. उरलेलं मीठपाणी दुसऱ्या दिवशी ओतून द्या. हा खटाटोप नको असेल तर नुसत्या मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते चालतात. फक्त चिठ्ठी वाचून घ्या, त्यात दुसरं औषध नको.

दुसरं, उशी. एक नाही, दोन-तीन. नुसती मान मोडायची नाही, पाठीपासून उंच करायचं. मी गोधडीची वळकटी घालायची. डाव्या कुशीवर.

वाफ घ्या, पण पातेलं जमिनीवर ठेवून त्यावर ओणवं होऊ नका. पोट पुढं आलेलं, तोल जातो, उकळतं पाणी मांडीवर येतं. भाजलेल्या बायका मी पाहिल्यात. पातेलं टेबलावर, तुम्ही खुर्चीवर, पाच मिनिटं पुरे. पाण्यात कापराची वडी नको. ओवा गरम करून पुरचुंडी हुंगलीत तर हुंगा, नाक किती उघडतं कोण जाणे, मनाला बरं वाटतं. पण नाकात तेल ओतायचं नाही. आज्जीनं सांगितलं तरी नाही. ते श्वासाबरोबर छातीत उतरतं. आणि ज्येष्ठमध घातलेला काढा रोज पेलाभर पिऊ नका, त्यानं बीपी चढतं.

घोळणा फुटलाच तर डोक्यावर पाणी ओतून मान मागं टाकू नका, रक्त घशात जातं. बसून पुढं वाका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. घड्याळ लावून. मध्येच सोडून बघायचं नाही.

तुराट्या-पऱ्हाट्यांचा धूर, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, यांपासून लांब राहा. हे सांगणं सोपं, पाळणं घरातल्यांच्या हाती. म्हणून घरातल्या बाप्यांनो, ऐकताय ना? चार महिने चुलीपुढं तुम्ही बसा.

आणि कधी थांबायचं नाही? ताप 100.4 च्या वर गेला. धाप लागली. गालाची हाडं ठणकतात आणि नाकातून घट्ट, पिवळं-हिरवं यायलंय, दिवसेंदिवस वाढतंय. किंवा डोकं उतरत नाही, डोळ्यापुढं अंधारी येते, तोंड-हात सुजलेत. हे शेवटचं नाकाचं दुखणं नव्हे, बीपीचं असू शकतं, तेव्हा उद्यावर टाकू नका. 108 ला फोन करा.

माझं सांगायचं राहिलं. बाटली बंद केल्यावर पहिले पाच-सहा दिवस फार वाईट गेले. मग थोडं सुसह्य झालं, पण पुरतं उघडलं ते मुलगी झाल्यावर. बारशाच्या आदल्या दिवशी पहाटे जाग आली ती वासानं. खीर नाही, डिंकाचा लाडू नाही. म्हशीच्या गोठ्याचा वास, शेण, मूत, ओला कडबा, सगळं एकत्र. मी उठून खिडकीशी उभी राहून छाती भरून ओढत होते. मामा धार काढत होते. त्यांनी वर बघितलं, त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच.

"बाई," ते म्हणाले, "डुक्कर गेलं वाटतं."