बिल चुकलं, तर दाद कुठे मागायची?

मंडळी, अहमदाबादच्या एका गृहस्थांचं प्रकरण सांगतो. पोस्टपेड मोबाइल, महिन्याचं भाडं 249 रुपये, बिल सरासरी साडेपाचशेच्या घरात. 2013च्या नोव्हेंबर-डिसेंबरचं बिल मात्र आलं 24,609 रुपये 51 पैसे! 2014 मध्ये ते जिल्हा ग्राहक मंचात गेले आणि 22 हजारांची भरपाई मागितली.

कंपनी म्हणाली, हा खटला तुम्हाला चालवताच येत नाही. 1885च्या तार कायद्यात अशा वादांसाठी लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणारा पंच, सांगितलाय, आणि 2009चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही तसाच आहे. मंचाने हे मानलं नाही, राज्य आयोगाने नाही, राष्ट्रीय आयोगानेही नाही. कंपनी दिल्लीला गेली. 16 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ग्राहक मंचाला हा अधिकार आहे. दाद कुठे मागायची, एवढंच ठरायला जवळजवळ आठ वर्षं गेली. बिल बरोबर की चूक, हा मूळ प्रश्न तसाच राहिला होता. या माणसाच्या चिकाटीचं मला फार अप्रूप वाटतं. तो थकला असता, तर आज आपल्याला ही वाट इतकी मोकळी मिळाली नसती.

म्हणून कुणी 'जाऊ दे, नव्वद रुपयेच तर आहेत' म्हणालं की मला वाईट वाटतं.

माझ्या आईच्या प्रीपेडमधून न मागितलेल्या कुठल्याशा सेवेचे पैसे कापले जात होते. फोनवरची मुलगी गोड बोलायची, 'बंद केलंय' म्हणायची, आणि पैसे पुन्हा जायचे. आईने काय केलं? भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाखाली रोजचा बॅलन्स लिहायला घेतला. निळ्या पेनाने, तारखेच्या चौकोनात. मग आम्ही तपशीलवार हिशेब मागवला. प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांतला हिशेब मागता येतो, आणि त्यासाठी 50 रुपयांहून जास्त घेता येत नाहीत. दोन्ही कागद शेजारी ठेवले, तारखा जुळल्या.

तक्रार केलीत की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्याच. नुसतं 'बघतो, करतो' ऐकून फोन ठेवू नका. समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. तिथे फी नाही, आणि 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. बरेच जण थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, पत्र लिहितात. ट्राय एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाही, त्यात तुमचेच दिवस जातात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच, आहेच. 2019च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आईचे पैसे अपिलात परत मिळाले. दिनदर्शिकेची ती पानं आज बरोबर आणली आहेत. पुढच्या रांगेपासून फिरवतो, बघून मागे द्या.