दहा काड्यांची मोळी

श्रोतेहो, नमस्कार.

येत्या आठवड्यात शाळा उघडतील. घरोघरी पाटी, दप्तर, गणवेश यांची खरेदी चालली असेल. ज्यांचं लेकरू यंदा पहिली-दुसरीत जाणार आहे त्या आईवडिलांशी आणि त्या लेकरांची वाट पाहणाऱ्या गुरुजी-बाईंशी आज मला बोलायचं आहे. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी वर्षं पहिली-दुसरीलाच. विषय आहे शैक्षणिक साहित्य. शब्द जरा जड आहे. शिकताना लेकरं जे हातात घेतात, मोजतात, जुळवतात, उलटंपालटं करून बघतात, ते सगळं साहित्य, एवढं आपण धरून चालू.

एक पाटी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. दुसरीचा वर्ग होता. मी म्हटलं, "सत्तावीस लिहा." पुढच्या रांगेतल्या मुलीनं लिहिलं ७२. मी ते खोडलं, २७ काढून दिलं आणि दहा वेळा गिरवायला सांगितलं. तिनं गिरवलं. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस सांगितले, तर पाटीवर ५४. मी रागावले. तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, तुमीच तर आधी पाच म्हणलाव."

खरंच होतं तिचं. मराठीत आपण सुटे आधी उच्चारतो आणि दशक मागून. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. कान एक सांगतो आणि हाताला दुसरंच करायचं असतं. त्यात एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. कानावर पडतो तीस आणि लिहायचे २९. ही रीत धरून लेकरू एकोणनव्वदपर्यंत येतं, तर पुढं नव्याण्णवला ती रीतही मोडते. शंभरपर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं लक्षात ठेवावं लागतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असंही वाचन आलं. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. तेव्हा केवढा गदारोळ झाला, किती थट्टा झाली, ते आपल्याला आठवत असेल. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही वाचनं शेजारी शेजारी होती. मला तेव्हा ती पाटीच आठवली. ज्यांनी सहा-सात वर्षांच्या लेकराच्या पाटीवरचे बहात्तर पाहिले आहेत, त्यांना त्या बदलाचं कारण कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

मग मी काय केलं? शाळेशेजारच्या घराच्या मागं तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग पडलेला होता. कुडाला नाहीतर चुलीला लागतात म्हणून ठेवलेल्या. त्यातल्या बोटाएवढ्या सरळ बघून चार-चार इंचाचे तुकडे केले, टोकं फरशीवर घासली आणि प्रत्येकाला चाळीस-चाळीस काड्या दिल्या. दहा मोजा, दोऱ्यानं बांधा. मी म्हणत होते, "हा झाला दशकाचा गठ्ठा." लेकरं नुसती बघत होती. एक मुलगा म्हणाला, "बाई, ही तर मोळी हाय." त्याचे आईवडील दर साल कोयता घेऊन उसाला जायचे. वर्गातल्या निम्म्या लेकरांचे जायचे. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, गाडीत भरायची, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दशकाचं नाव मोळी पडलं.

सत्तावीस म्हणजे डाव्या हाताला दोन मोळ्या, उजव्या हाताला सात सुट्या काड्या. तोंडानं काहीही आधी म्हणा, मोळ्यांची जागा डावीकडेच. खाली अंककार्ड ठेवायचं, मोळ्यांखाली २ आणि सुट्यांखाली ७. त्या मुलीनं आठवड्याभरात उलटं लिहायचं सोडलं. एकोणतीसची गंमत तर बघण्यासारखी होती. तीन मोळ्या घ्या आणि त्यातली एक काडी परत द्या, असं मी सांगितलं. लेकरं मोळीतून काडी ओढायला लागली, ती निघेना. शेवटी एकीनं दातानं गाठ सोडली, काडी माझ्या हातात दिली आणि उरलेल्या मोजल्या, नऊ. दोन मोळ्या नि नऊ सुट्या. पुढं बत्तीसातून अठरा वजा करताना 'हातचा' म्हणजे काय, हे मला फळ्यावर सांगावंच लागलं नाही. सुट्या काड्या दोनच आणि द्यायच्या आठ, तर मोळीची गाठ सोडावी लागते, हे बोटांना ठाऊक झालेलं होतं.

इथं एक गोष्ट गुरुजनांना मुद्दाम सांगते. काड्या कायमच्या नाहीत. पहिल्यांदा खरी काडी, मग वहीत काढलेली मोळी म्हणजे एक उभा दांडा आणि सुट्यांसाठी ठिपके, मग नुसते अंक. कुठलं लेकरू कधी काडी सोडेल हे त्याचं त्यानं ठरवायचं. पण वर्षअखेरपर्यंत सगळा वर्ग काड्याच मोजत बसला असेल, तर पुढच्या पायऱ्या आपल्याकडून राहून गेल्या असं समजावं.

आता एक मनाला लागून राहिलेली गोष्ट सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात शाळेत गणिताची एक पेटी आली. शंभर मण्यांची माळ, दहा-दहा मण्यांना वेगळा रंग. ठोकळे, खेळातल्या नोटा, पुठ्ठ्याचं घड्याळ. मी ती साठा नोंदवहीत चढवली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. एखादा मणी हरवला तर तपासणीत जाब द्यावा लागेल, ही भीती. वर्षअखेरीस पेटी जशीच्या तशी होती. त्या वर्षीची लेकरं मण्यांना हात न लावता पुढच्या वर्गात गेली. त्या लेकरांचं मला आजही वाईट वाटतं. आता तर सरकारकडून बरंच काही येतं. 'निपुण भारत' अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी म्हणून. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' हा खेळ-साहित्याचा संच आला. यातलं जे जे शाळेत पोचेल ते कपाटात राहू देऊ नका. माळ तुटू द्या, नोटा फाटू द्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांनो, मोडलेल्या साहित्याच्या निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून काढून टाकण्याचा, ठराव गुरुजींनी मांडला तर तो आनंदानं मंजूर करा. वापरून मोडलेल्या वस्तूबद्दल शिक्षकाला भीती वाटू नये, एवढी जबाबदारी गावानं उचलावी.

विकतचं साहित्य नाही म्हणून अडतं, असं मात्र मला कधी वाटलं नाही. १९४५ साली ताराबाई मोडक समुद्रकाठच्या बोर्डी गावाला बालवाडीचं काम करायला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरी पद्धतीची साधनं महागडी, गावात परवडणारी नव्हती. त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे यांवर लेकरांना शिकवलं. त्यांच्याकडे समुद्र होता म्हणून शिंपले. आपल्याकडे तूर आहे, चिंचोके आहेत, ज्वारीची धाटं आहेत, पोळ्याला बैल करायची काळी चिकणमाती आहे. मातीची वळी करून 'ग' नि 'म' वळवणारं लेकरू ते अक्षर सहसा विसरत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बिया म्हणून गुंजा आणू नका, एरंडी आणू नका, धोतऱ्याच्या बिया तर मुळीच नको. तिन्ही विषारी. सीताफळाच्या बिया आपल्याकडे मुबलक असतात, पण त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, म्हणून त्याही टाळलेल्या बऱ्या. अंगणवाडीतली लेकरं चिंचोकासुद्धा नाकात घालतात. तिथं मोठे खडे, बाटल्यांची झाकणं बरी.

आता अक्षरांकडे येते. बाजारात मिळणारा मुळाक्षरांचा तक्ता बहुतेक वर्गांत असतो. त्यात 'ज जहाजाचा'. आमच्या पट्ट्यातल्या लेकरानं जहाज बघितलेलं नाही. एक मुलगा चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "नाव." आणि खालचं अक्षर वाचलं 'न'. चूक त्याची नव्हती. तो चित्रातलं नाव खरंच वाचत होता. तांड्यावरची लेकरं आईच्या चित्राला याडी म्हणतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कानडी घरात बोलली जाते. तक्ता एकच आणि लेकरांच्या घरच्या बोली चार. म्हणून चित्रकार्डं वर्गातच करावीत असं माझं ठाम मत आहे. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, जाड शाई, आणि चित्र लेकरांनीच काढलेलं. चित्राला ती काय म्हणतात ते आधी विचारायचं, मग अक्षर लिहायचं.

आणखी एक. आपल्या च, ज, झ यांचे उच्चार दोन-दोन आहेत. चुलीचा च वेगळा आणि चहाचा वेगळा. जात्याचा ज वेगळा, जिलबीचा वेगळा. झाड म्हणून बघा आणि झेंडा म्हणून बघा. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही, पण जे लेकरू पहिल्यांदा अक्षराला आवाज जोडतंय ते इथं अडखळतं. म्हणून या तिन्ही अक्षरांची मी दोन-दोन कार्डं करायची. एकावर चूल, दुसऱ्यावर चहाची कपबशी, आणि खाली अक्षर तेच च. लेकरं स्वतःच सांगायची, "बाई, हे एकच हाय, पर दोन आवाज काढतंय."

भिंतींबद्दल थोडंसं. बोलक्या भिंती रंगवण्यावर गावं हौसेनं लोकवर्गणी काढतात. पण पहिलीचं लेकरू असतं साडेतीन-पावणेचार फूट उंच, आणि पाढे रंगवलेले असतात सहा फुटांवर. त्या रंगातला थोडा काळा रंग वाचवा आणि जमिनीपासून तीन फुटांपर्यंत चारी बाजूंनी फळ्याचा पट्टा करा. लेकरांना तिथं खडूनं लिहू द्या.

शेवटी आमच्या भागातली सगळ्यात अवघड गोष्ट. दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. हंगामी वसतिगृहं असतात, आजी-आजोबांजवळही काही लेकरं राहतात, पण सगळी नाही. पहिली-दुसरीची बारकी लेकरं आईबरोबरच जातात, कारखान्यावर कोपीत म्हणजे झोपडीत राहतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात तोवर हात लिहायचं विसरलेला असतो. एका वर्षी मी अशा प्रत्येक लेकराबरोबर एक कापडी पिशवी दिली. आत चाळीस काड्या आणि दोरा, शून्य ते नऊची अंककार्डं, लेकरानं स्वतः केलेली तीस शब्दकार्डं, पाटी-पेन्सिल, एक पातळ गोष्टीचं पुस्तक. आईला सांगितलं, "तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल. रोज रात्री फक्त म्हणा, आज काय मांडलंस ते दाखव."

सगळ्या पिशव्या परत आल्या नाहीत. एकीत फक्त पुस्तकाचं मलपृष्ठ होतं. एका पिशवीतल्या काड्या थंडीत शेकोटीला गेल्या, असं आईनं ओशाळून सांगितलं. मी म्हटलं, "माय, थंडी होती, बरं केलं."

आणि मोळी हे नाव देणारा तो मुलगा चैत्रात आला. त्याची पिशवी फुगलेली. मी चाळीस काड्या दिल्या होत्या, त्यानं फरशीवर ओतल्या त्या मोळ्याच मोळ्या. फडातल्या बारीक काटक्या तोडून त्यानं भर घातली होती आणि दोरा संपला म्हणून उसाच्या वाळक्या पाचटाला पीळ देऊन गाठी मारल्या होत्या, बापानं मारलेल्या बघून तशाच. मी मोजायला लागले. तो म्हणाला, "मोजू नगा बाई, बराबर धा हायत्या." दहा मोळ्या. मग त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "आता ह्या धा मोळ्यांची एक मोठी मोळी बांधायची का?"

शंभर हा शब्द मी अजून शिकवलेला नव्हता. आम्ही दोघांनी कपाटात सुतळी शोधली.