फुलोऱ्यात पान पिवळं पडलं? आधी कुठलं पान ते बघा

हे मिरचीचं झाड घरातच, एलईडी लाइटखाली वाढलंय. शेंड्याला कळ्या आल्यात, दोन फुलं उमललीत, आणि नेमकी आत्ताच खालची पानं पिवळी पडायला लागलीत. घरात मिरची, टोमॅटो किंवा फुलझाडं लावणाऱ्यांना हे चांगलंच ओळखीचं असेल. आणि पुढे काय होतं तेही, हात सरळ खताच्या बाटलीकडे जातो. तो हात आज जरा थांबवूया, कारण फुलोऱ्यातली बरीच झाडं उपाशी राहून बिघडत नाहीत, घाईघाईने चुकीचं काहीतरी घातल्यामुळे बिघडतात.

पान हिरवं दिसतं ते क्लोरोफिलमुळे. त्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, चार अणूंनी धरून ठेवलेलं असतं. म्हणजे मॅग्नेशियम कमी पडलं तरी हिरवा रंग जाणार आणि नत्र कमी पडलं तरी जाणार. लोह तर या रेणूत नसतंच, पण रेणू तयार व्हायला ते लागतं, त्यामुळे लोह कमी पडलं तरी पान पिवळंच. मुळं पाण्यात गुदमरली तरी पिवळं, लाइट पोचला नाही तरी पिवळं. रंग एकच आणि कारणं इतकी, मग नुसता रंग बघून काय कळणार? पिवळेपणा झाडावर नेमका कुठून सुरू झाला, हे बघायला लागतं.

हे खालचं पान जवळून बघा. देठापासून टोकापर्यंत सगळं सारखंच फिकट झालंय, शिरासुद्धा पिवळ्या. आता हे दुसरं, त्याच्या दोन पेरं वर. याच्या शिरा अजून हिरव्यागार आहेत, त्यांच्या मधला भाग मात्र पिवळा झालाय, जाळी पडल्यासारखा. लांबून दोन्ही पानं पिवळीच दिसतात पण दोघांचं दुखणं वेगळं आहे.

पहिल्यात नत्र संपतंय. नत्र झाडाच्या आत इकडून तिकडे जाऊ शकतं, त्यामुळे मुळांकडून पुरेसं आलं नाही की झाड जून पानं मोडायला काढतं आणि त्यांच्यातलं नत्र वरच्या कोवळ्या पानांना आणि कळ्यांना पाठवतं. दुसऱ्या पानात मॅग्नेशियम कमी आहे. तेही फिरतं, म्हणून तिथेही आधी जून पानंच जातात, फक्त शिरांच्या आसपासचा हिरवा सगळ्यात शेवटी जातो. पोटॅश, म्हणजे पोटॅशियम, तेही फिरणारं, पण त्याची खूण पानाच्या कडेला दिसते, कडा आधी पिवळी आणि मग तपकिरी होऊन करपते.

आता फुलोराच का? फुलं आणि फळं धरायला लागली की झाडाचं सगळं लक्ष तिकडे जातं. वर मागणी वाढते आणि खालच्या पानांवरचा खर्च झाड स्वतःच कमी करतं. त्यामुळे फुलोऱ्यात तळाची एकदोन पानं हळूहळू पिवळी होऊन गळली आणि वरचं झाड गडद हिरवं, टवटवीत असेल, तर त्यात काहीही बिघडलेलं नाही. खोलीत तर आणखी एक गोष्ट असते, लाइट वरून येतो आणि जसजसं खाली जावं तसा झपाट्याने कमी होतो, शिवाय वरच्या पानांची सावली पडते. ज्या पानाला स्वतःचा खर्च भागेल इतकाही उजेड मिळत नाही त्याला झाड सांभाळत नाही. ओळखायचं कसं, तर सावलीमुळे आतली, झाकलेली पानं तेवढी जातात आणि बाकी झाड हिरवं राहतं, आणि नत्र कमी असेल तर पिवळेपणा एकेक पान करत वर चढतो आणि अख्खं झाडच फिकट दिसायला लागतं. वेग बघा. महिनाभरात दोन पानं गेली तर ठीक, आठवड्याभरात खालचा अर्धा भाग पिवळा पडला तर मात्र शोध घ्यायलाच पाहिजे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, कारण याच जागी बरेच जण फसतात. पहिली कळी दिसली रे दिसली की नेहमीचं खत बंद करून फुलांसाठीचं खत सुरू करायचं, असं सगळीकडे सांगतात. अशा खतांमध्ये बहुतेक वेळा नत्र कमी आणि फॉस्फरस, पोटॅश भरपूर असतं. पण त्या वेळी झाड अजून वाढत असतं, नवीन पानं काढत असतं, आणि नत्र एकदम बंद झालं की ते खालच्या पानांवर तुटून पडतं. मग ती पिवळी दिसली की आपण काय करतो, तेच फुलांचं खत आणखी घालतो. मुळं शोषण करताना पोटॅश आणि मॅग्नेशियम यांची एकमेकांशी स्पर्धा असते, पोटॅश जास्त झालं की मॅग्नेशियम आत जाताना अडतं. म्हणजे आधी नुसतं नत्र कमी होतं, आता मॅग्नेशियमही कमी, आगीतून फुफाट्यात. माझं स्पष्ट मत आहे की नेहमीचं खत एका दिवसात तोडू नये, फळं धरेपर्यंत थोडं थोडं नत्र चालू ठेवावं. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलं असेल तर आणखी जपा, कारण कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅश, सोडियम सोडतं.

आता कॅमेरा वर, शेंड्याकडे. या दुसऱ्या झाडाची खालची पानं छान हिरवी आहेत आणि सगळ्यात नवीन, कोवळी पानं पिवळी, जवळजवळ लिंबाच्या रंगाची, आणि शिरा बारीक हिरव्या रेघेसारख्या. हे लोहाचं लक्षण. लोह एकदा पानात बसलं की तिथून सहज हलत नाही, जुन्या पानातलं नव्याला देता येत नाही, म्हणून नवीन पानच कोरं राहतं. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूझेब ग्री या संशोधकाने पिवळ्या पानांना लोहाच्या क्षारांचं पाणी लावून बघितलं होतं आणि पानं पुन्हा हिरवी झाली, म्हणजे हे कोडं तेव्हाच सुटलं होतं.

पण म्हणून लगेच लोह घालायला धावू नका. मातीत लोह बहुतेक वेळा असतंच, झाडाला ते घेता येत नसतं, आणि त्याचं कारण सामू, म्हणजे पीएच, माती किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप. सामू वाढत गेला की लोह अशा रूपात जातं की मुळांना उचलताच येत नाही. मातीच्या मिश्रणात सामू साधारण ६ ते ६.८ असावा, कोकोपीटसारख्या माध्यमात ५.५ ते ६.५. क्षारांचं जड पाणी रोज घातलं की कुंडीतला सामू हळूहळू वर सरकतो, आणि हे नेमकं दोनतीन महिन्यांनी, फुलोऱ्याच्या सुमाराला दिसायला लागतं. कुंडीतून खाली निथळणारं पाणी एका भांड्यात धरा आणि त्याचा सामू मोजा. साधी पट्टी असली तरी चालेल, नुसत्या अंदाजापेक्षा ती बरी.

पाण्याचं सांगतो, खरं तर ते सगळ्यात आधी बघायला हवं. झाड मलूल, पानं खाली वाकलेली, पिवळट, आणि माती ओली. ओली माती आणि सुकलेलं झाड एकत्र दिसलं तर मुळांना हवा मिळत नाहीये. मुळांनाही ऑक्सिजन लागतो, तो नसेल तर समोर अन्न असून ती घेऊ शकत नाहीत, आणि मग वरून सगळ्याच गोष्टींची कमतरता असल्यासारखं दिसतं. शेतकरी वाफसा म्हणतात ना, मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं, कुंडीतही तोच सांभाळायचा. दोन्ही हातांनी कुंडी उचलून बघा, वजनावरून चटकन कळतं. वरची माती सुकली म्हणून पाणी घालत राहिलात आणि खाली चिखल असेल तर कितीही चांगलं खत घाला, उपयोग नाही. मातीला कुबट वास येत असेल तर निचऱ्याची भोकं बुजलीत का ते आधी बघा.

सगळ्यात वरची, लाइटच्या अगदी जवळची पानंच फिकी, पांढुरकी होत असतील आणि बाकी झाड ठीक असेल तर लाइट थोडा वर घ्या, दुसरं काही करू नका.

आणि हे पान. नुसत्या डोळ्यांनी यावर बारीक बारीक फिकट ठिपके दिसतात, सुईने टोचल्यासारखे. पान उलटं केलं, पांढऱ्या कागदावर टिचकी मारली, आता कागद बघा, धुळीचे कण पडलेत आणि त्यातले काही चालतायत. हा कोळी, म्हणजे स्पायडर माइट नावाची बारीक कीड, अर्ध्या मिलिमीटरएवढी. खोलीतली कोरडी आणि लाइटमुळे गरम झालेली हवा त्याला फार मानवते, उबेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पानांमध्ये बारीक जाळी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. पानांच्या मागच्या बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवून काढा, दर दोनतीन दिवसांनी, आणि ते झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा. फुलं असताना कुठलंही औषध मारायच्या आधी लेबल नीट वाचा, खायची मिरची असेल तर दुप्पट नीट वाचा.

उपाय करताना एका वेळी एकच बदल करा. पाणी, सामू आणि खत तिन्ही एकाच दिवशी बदललं तर झाड सुधारलं तरी कशामुळे सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर त्याहून पंचाईत. मॅग्नेशियमची खात्री असेल तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅमच्या आसपास एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), लाइट बंद व्हायच्या सुमाराला पानांवर फवारा, फुलांवर नको. नत्र कमी असेल तर नेहमीचं खत अर्ध्या जोराने. क्षार साठले असतील, म्हणजे पानांची टोकं करपलीत आणि मातीवर पांढरा थर दिसतोय, तर खत बंद आणि साधं पाणी भरपूर घालून निथळू द्या.

मग वाट बघा, आणि बघायचं ते नवीन पानांकडे. पूर्ण पिवळं झालेलं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे तेच बघत बसलात तर उपाय लागू पडला नाही असं वाटेल आणि आणखी काहीतरी घालाल. आठवडा-दहा दिवसांत शेंड्याची पानं योग्य रंगाची येतायत का आणि पिवळेपणा वर चढायचा थांबला का, एवढं तपासा. जून पिवळं पान बोटाने हलकेच ओढलं आणि सहज हातात आलं तर काढून टाका, घट्ट असेल तर राहू द्या, झाड अजून त्यातलं काहीतरी वर पाठवतंय.