मुलांना घेऊन तीन महिने परदेशात: तिकिटाआधी काय ठरवायचं?

नमस्कार! शाळेत जाणारी मुलं घेऊन दोन-तीन महिने परदेशात राहायचं मनात असेल, तर तिकीट काढण्याआधी हा व्हिडिओ बघा. बहुतेक जण नकाशा उघडून बसतात. हे शहर, मग ते, तिथून जवळच आहे तर तेही. माझं स्पष्ट मत आहे, की आधी मुलांचा दिवस ठरवायचा. उठणार कधी, अभ्यास कधी, खेळणार कुठे. ते ठरलं की किती ठिकाणं झेपतील हे तुमचं तुम्हालाच कळेल. बहुतेक वेळा यादीतली निम्मी गळतात, आणि ते चांगलंच आहे.

दहा दिवसांच्या सहलीत धावपळ चालते, घरी येऊन दमणूक काढता येते. तीन महिन्यांत ती सोय नाही. मुक्काम हलवायचा दिवस डोळ्यासमोर आणा. सकाळी अर्धवट वाळलेले कपडे बॅगेत कोंबायचे, चार्जर शोधायचे, अकराला घर सोडायचं. नवीन घर मिळणार तीनला. मधले चार तास सामान आणि मुलं घेऊन बाहेर. आत गेल्यावर बाथरूमचा दिवा कुठल्या बटणावर लागतो हे सापडेपर्यंत धाकटं रडकुंडीला आलेलं असतं. म्हणून एका जागी किमान दोन आठवडे राहा, जमलं तर महिना. दुसऱ्या आठवड्यात मुलांना बागेचा रस्ता पाठ होतो, तिथली एक-दोन पोरं ओळखीची होतात आणि मग ती खरी रमतात.

आता शाळा. मुख्याध्यापकांना आधी भेटा, बुकिंग नंतर. नियम देशोदेशी वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना परवानगीशिवाय मूल गैरहजर राहिलं, तर पालकांना दंड होऊ शकतो. रजा मंजूर आहे का, परत आल्यावर जागा राहील का, परीक्षा बुडाली तर काय, या काळात कुठले धडे होणार, या सगळ्याची उत्तरं लेखी घ्या. तोंडी ‘बघू, होईल काहीतरी’ यावर जाऊ नका.

अभ्यासासाठी सगळी पुस्तकं वाहून न्यायची गरज नाही. गणित आणि लेखन मात्र रोज हवं, कारण त्यांचा सराव तुटला की पुन्हा बसायला फार वेळ लागतो. सकाळी तास-दीड तास, बाहेर पडायच्या आधी. इतिहास, भूगोल, विज्ञान फिरताना होतं, पण तिथेही घाई नको. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात 18 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. मग एकाच दिवशी सगळी दालनं कशाला पालथी घालायची? एक दालन बघा, तासाभरात बाहेर या, दोन दिवसांनी पुन्हा जा. मंगळवारी ते बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

(स्क्रीनवर कॅलेंडर)

युरोपात लांब मुक्काम करणाऱ्यांनी हे नीट ऐका. शेंगेन क्षेत्र म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्यात 29 देश आहेत आणि बाहेरच्या पाहुण्यांना या सगळ्यांत मिळून, कुठल्याही 180 दिवसांत, 90 दिवस राहता येतं. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. 1 जूनला शिरलात आणि सलग राहिलात तर 29 ऑगस्ट हा नव्वदावा दिवस. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरला जातो. पुन्हा आत यायचं ते थेट 28 नोव्हेंबरला. व्हिसावर कमी दिवस लिहिले असतील तर तेच खरे. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचे नियम आणि व्हिसा वेगळे.

मुलांचे पासपोर्ट आजच काढून बघा. अनेक देशांत मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो आणि मुलांचा पाचच, त्यामुळे आई-बाबांचा चालतो आणि मुलाचा संपत आलेला असतो. पुष्कळ देशांना प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते. एकच पालक सोबत जाणार असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा.

औषधांबद्दल तर मी हात जोडून सांगते. मुलाला रोजचं औषध असेल तर ते त्या देशात चालतं का, हे त्यांच्या वकिलातीकडून आधी विचारून घ्या. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यासाठी, काही ठिकाणी दिली जाणारी ॲम्फेटामाइन या उत्तेजक द्रव्याची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरीही. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस लागणाऱ्या देशात जाणार असाल तर ती निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तोवर प्रमाणपत्र लागू होत नाही.

एवढं झालं की तिकीट काढा. परतीची तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. पोहोचल्यावर पहिले चार-पाच दिवस कुठलंही बुकिंग करू नका, विशेषतः पूर्वेकडे जात असाल तर. त्या दिशेला झोपेचं घड्याळ जुळायला जास्त वेळ लागतो, आणि पहाटे तीनला टक्क जागं झालेलं मूल सकाळी नऊच्या बसमध्ये बसवणं कुणाच्याच हिताचं नसतं.