चार डिस्क एकदम मरत नाहीत

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. लाईट गेली तर मी ओरडून बोलेन, प्रोजेक्टरची वाट बघत बसू नका.

किस्सा जुलैचाच. रत्नागिरीतल्या एका ऑफिसातून सकाळी फोन, 'दादा, सर्व्हरच्या चारही डिस्क उडाल्या.' म्हटलं चारही? एकदम? हो म्हणाला, आणि मला हायसं वाटलं, त्याला वाटलं दादाचं डोकं फिरलं. अरे, एकाच खुंटाला बांधलेल्या चार होड्या सकाळी दिसल्या नाहीत तर चारही बुडाल्या म्हणून रडायचं की आधी खुंट बघायचा? इथे खुंट म्हणजे एलएसआयचं ९२११-८आय कार्ड, डिस्क सर्व्हरला जोडणारं, चारही डिस्क त्यालाच लटकलेल्या.

डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या नोंदवहीत, कार्डाच्या ड्रायव्हरने लिहूनच ठेवलेलं, 'एसएएस होस्ट इज नॉन-ऑपरेशनल', म्हणजे कार्ड बंद पडलंय, पुढे चार उद्गारचिन्हं. एवढं बोंबलून सांगतंय बिचारं, पण वाचतो कोण! मशीन बंद करून चालू केलं तर एलएसपीसीआयमध्ये, म्हणजे मशीनला दिसणाऱ्या कार्डांच्या यादीत, कार्डच गायब. काढलं, पायांना खोडरबर मारला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं (आपल्याकडची खारी हवा, हे आधी करायचंच), दुसऱ्या स्लॉटात बसवलं, तरी नाही. माझ्या मते ते उष्णतेने गेलं. या कार्डाला स्वतःचा पंखा नसतो, कंपनी सांगते मिनिटाला २०० फूट वेगाने वारा हवा, आणि हे महाराज टॉवर कॅबिनेटमध्ये, धूळ खात, बंद खोलीत.

कार्ड कोल्हापुरातून मागवलं, सेकंडहँड, आयटी मोडवालं, म्हणजे डिस्क जशा आहेत तशा लिनक्सला दाखवणारं. तर आंबा घाटात दरड. दोन दिवस थांबलो, आणि खरा धोका त्या दोन दिवसांत होता, कारण तो पोरगा सारखा विचारत होता, 'तोवर डिस्क मदरबोर्डला लावून एमडीॲडम क्रिएट मारू का?' म्हटलं, हात मोडीन तुझा. एमडीॲडम म्हणजे लिनक्समध्ये रेड सांभाळणारी कमांड, आणि रेड म्हणजे अनेक डिस्कचा मिळून एक गट, ॲरे. क्रिएट म्हणजे नवा सुपरब्लॉक, डिस्कवरची ॲरेची ओळखचिठ्ठी. डिस्कचा क्रम चुकला, नाहीतर नव्या व्हर्जनने डेटा ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो ते) वेगळा धरला, की पुढचा रीसिंक (डिस्कचा मेळ बसवणं) पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशेब) समजून तुमच्याच डेटावर लिहीत सुटतो. कार्ड मेल्याने डेटा जात नाही, या असल्या घाईने जातो.

कार्ड आलं, बसवलं, चारही डिस्क दिसल्या. एसडीबी नावाची डिस्क एसडीई झालेली, होऊ दे, ॲरेची ओळख सुपरब्लॉकमधल्या यूयूआयडी नंबरवरून होते. पण असेंबल (असलेला ॲरे पुन्हा जोडणं) म्हणतो दोनच डिस्कवर चालू करणार नाही. रेड ५ होतं ना, एक गेली तर चालतं, दोन गेल्या की बसलं. मग एमडीॲडम एक्झामिनने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे ॲरेतल्या बदलांचा आकडा, बघितला, दोन डिस्क बाकीच्यांपेक्षा अगदी थोड्याच मागे. कार्ड मरताना दोघी क्षणभर आधी बाहेर पडलेल्या, एवढंच. अशा वेळी असेंबल फोर्स, म्हणजे जबरदस्तीने जोडणं, चालतं. फरक हजारोंचा असता तर मी हात लावला नसता, ती डिस्क कधीतरी आधीच गेलेली असते आणि कुणी बघितलेलंच नसतं.

ॲरे उठला. लगेच रीड-राईट माउंट नाही केलं, आणि हे ऐका, नुसतं रीड-ओन्ली म्हटलं तरी ईएक्सटी४ फाइलसिस्टीम जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) रीप्ले करते, म्हणजे लिहितेच, म्हणून सोबत नोलोड दिलं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर, मग एफएसचेक, म्हणजे फाइलसिस्टीमची तपासणी. बॅकअप होता का? होता, मार्चचा.

हार्डवेअर रेडवाल्यांनो, म्हणजे ज्यांचं रेड कार्डच सांभाळतं, तुमचं वेगळं. कॉन्फिग डिस्कवरही असतं, त्याच घराण्यातलं कार्ड लावलंत की ते 'फॉरेन कॉन्फिग' म्हणून विचारेल, तिथे इंपोर्ट करायचं, क्लिअर नाही.

मागून काय? नवं कार्ड एलएसपीसीआयमध्ये दिसतंय पण डिस्क नाहीत? लिनक्सची डिस्ट्रो कुठली? रेड हॅट ८... मग बरोबर आहे. त्यांनी एमपीटी३एसएएस ड्रायव्हरमधून ९२११ वरच्या या जुन्या चिपचा सपोर्टच काढलाय. कार्ड परत पाठवू नका, डेबियनचा लाईव्ह पेनड्राईव्ह लावून बघा आधी.