समुदायाच्या ओळीतलं शून्य

नमस्कार श्रोतेहो.

कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की मी नफ्या-तोट्याच्या आधी तक्रारींचा तक्ता उघडतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. ‘बीआरएसआर’ म्हणतात त्याला. कार्बन किती सोडला, पाणी किती उपसलं, सगळं त्यात लिहावं लागतं. आणि सुरुवातीलाच हा तक्ता. भागधारक, कर्मचारी, ग्राहक यांच्याबरोबर त्यात ‘समुदाय’ अशीही एक ओळ असते. समुदाय म्हणजे कारखान्याच्या कुंपणापलीकडचं गाव. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच अहवालांत त्या ओळीत शून्य असतं.

आता गावाची खरंच तक्रार नसेल, तर उत्तमच. पण शेजारच्या रकान्यात विचारलेलं असतं, तक्रार निवारणाची सोय आहे का? उत्तर ‘आहे’, आणि पुढे वेबसाइटची लिंक. ती उघडावी तर इंग्रजी धोरणाची पानंच्या पानं! जिच्या विहिरीच्या पाण्याला वास येतोय, ती बाई हे वाचून तक्रार करणार म्हणे.

पाण्याचंच घ्या. अहवालात पाणी किलोलिटरमध्ये, गावात ते टँकरमध्ये. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहा किलोलिटर. एवढा हिशेब मराठीत करून गेटबाहेरच्या फळ्यावर लिहायला कितीसा खर्च येतो? पाऊस लांबलेल्या वर्षी गाव तो फळा रोज वाचेल.

कायद्याला हे सुचलेलं आहे बरं का. मोठा प्रकल्प येतो तेव्हा 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. निदान तीस दिवस आधी नोटीस द्यायची, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवायचा, आणि शेवटी सुनावणीचं इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. मंडपात काय बोललो आणि कागदावर काय उतरलं, हे तिथल्या तिथे ताडून बघता येतं. पण ही सुनावणी परवानगीच्या आधीची. धुराडं सुरू झालं की संवाद पुन्हा त्या लिंकवर.

म्हणून म्हणतो, गेटवर मराठीत फोन नंबर लावा आणि तो उचलायला स्थानिक बोली कळणारा माणूस बसवा. पुढच्या अहवालात शून्याच्या जागी चाळीस आले तर संचालक मंडळ दचकेल. मी मात्र त्या चाळिसांवर जास्त भरवसा ठेवीन.

नमस्कार.